एकोणपन्नासावं पान

अमेरिकेतल्या एका बाईने धुतलेली प्लेट पुन्हा धुतली आणि त्यापायी अकोल्याच्या एका व्हरांड्यात माझ्या घशाला अशी कोरड पडली, की तिच्यात वर्षाच्या मिरच्या वाळल्या असत्या. लोक म्हणतात मी वाढवून सांगते. सांगते बरं. आमच्या घरी फुलांचा धंदा. वीतभर शेवंतीचा हार हातभर दिसला पाहिजे, हे मी बोलायला शिकायच्या आधी शिकले. पण ही गोष्ट जेवढी झाली तेवढीच सांगणार आहे. फार तर दोनचार पाकळ्या इकडच्या तिकडे.

आम्ही तिघी होतो, वय झालेल्या विद्यार्थिनी. अमरावतीच्या केंद्रावर जागा भरल्या होत्या म्हणून बी.ए. साठी अकोल्याचं केंद्र मिळालं. दर रविवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडायची, अकोल्यात तास करायचे, संध्याकाळच्या आत परत. मी नाव घातलं ते रागाने. माझ्या लेकीने चार पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, आईला इंग्रजी नाही येत, तिला फक्त मोठ्याने बोलता येतं. दुसरी आमची मेंबरबाई. मोर्शी रोडवरच्या एका गावात पाच वर्षं ग्रामपंचायतीत होती; मेंबरकी गेली, नाव राहिलं. तिला दारावरच्या पाटीत नावापुढे बी.ए. हवं होतं, बाकी काही नको.

खरं अडलं होतं ते तिसरीचं. ती अंगणवाडी सेविका. वीस वर्षं एका खोलीत लेकरांची वजनं घेत, खिचडी वाढत, घरभेटी देत आलेली. वरच्या पदाची, म्हणजे मुख्य सेविकेची, जागा निघणार होती. त्या जागेला पदवी लागत होती आणि वयाची अट होती. वय अटीबाहेर जायच्या आत तिच्या हातात फक्त तो एक उन्हाळा होता. सगळे विषय सुटले होते, एक इंग्रजीची तोंडी परीक्षा सोडून. पहिल्या वेळी ती आत गेली आणि स्वतःचं नाव सांगून उभी राहिली. दुसऱ्या वेळी नावही नाही आलं. ही तिसरी आणि शेवटची वेळ.

परीक्षेला एक अमेरिकन गोष्ट होती, आठ पानांची. परीक्षक मॅडम इंग्रजीत विचारणार, आपण इंग्रजीत सांगायचं. पुस्तकाची केंद्रावर एकच प्रत, ती कपाटात, कपाटाची किल्ली बाबूच्या खिशात आणि बाबू कुठे असतो ते फक्त बाबूला ठाऊक. आमच्याजवळ होती झेरॉक्स. मागच्या वर्षीच्या एका मुलीकडून मेंबरबाईने आणलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स. पान एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस.

मी मोबाइलवर शब्द बघत वाचायची आणि गाडीत वऱ्हाडीतून सांगायची. सेविका जुन्या आहार-रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहून घ्यायची. मेंबरबाई खिडकीशी बसून हुंकार द्यायची. माझं सांगणं असं, की टाकळीच्या पुढे शेजारच्या बाकावरचे लोक आपापली गोष्ट सोडून आमच्यात यायचे. एकदा तर तिकीट चेकर तिकीट मागायचं विसरून मूर्तिजापूरच्या पुढे निघून गेला. त्याला मूर्तिजापूरलाच उतरायचं होतं.

गोष्ट अशी. अमेरिकेत दोन बहिणी. आई आजारी पडली तशी थोरली घर सोडून गेली, बारा वर्षं तोंड दाखवलं नाही. धाकटीने आईचं सगळं केलं, शेवटपर्यंत केलं. आता थोरलीचं पत्र आलं की सणाच्या दिवशी येते. धाकटी सकाळपासून राबते. बकरीएवढी एक कोंबडी भाजते, टेबलावर चादर घालते, दोन प्लेटा मांडते, एक उचलते, परत मांडते. अंधार पडायला आला. अंगणात गाडी थांबल्याचा आवाज. इंजिन बंद झालं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज काही येईना. धाकटी टेबलावरची प्लेट उचलून नळाखाली धरते. धुतलेली प्लेट. ती पुन्हा धुते.

अठ्ठेचाळीसाव्या पानाची शेवटची ओळ ही. पान अगदी तळाशी भरलेलं.

"मंग?" मेंबरबाई म्हणाली.

"मंग काय, संपलं पान."

"पान संपलं, पण गोष्ट?"

मी झेरॉक्स उलटीपालटी केली. मागे काही नव्हतं.

"भेट झाली का नाई दोघींची?" मेंबरबाई आता पुरती माझ्याकडे वळली. "दारात माणूस आलं अन् हे भांडे घासून राहिली. असं कुठं असते का वं? म्या सोळा सोमवार केले, वैभवलक्ष्मी केली, हातात तांदूळ घेऊन किती कहाण्या आयकल्या. सुफळ संपूर्ण झाल्याबिगर तांदूळ खाली नाई ठेवता येत. झेरॉक्सवाल्यानं पान खाल्लं हे."

मलाही तेच वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. आमच्याकडे कहाणीत उतलेलं कोणी, मातलेलं कोणी असतंच, पण शेवटी दार उघडतं. हातातले तांदूळ देवापुढे पडतात.

सेविका मात्र लिहायची थांबली होती. ती बौद्ध घरातली, व्रताच्या कहाण्यांशी तिचा संबंध नाही. पेन्सिल गालाला लावून म्हणाली, "मले तर वाटते, इथंच संपली असन."

"इथं कशी संपन?"

"मी घरभेटीले जातो ना. लेकराचं वजन घटलेलं असलं की ते माय दार नाई उघडत. मी बाहेर उभी असतो वजनकाटा घेऊन. आतून भांड्याचा आवाज येते. ते भांडे घासलेलेच असतात, बाई. मले आवाजावरून समजते."

त्या वेळी मी तिचं ऐकायला हवं होतं. पण माझा आवाज तिच्यापेक्षा तिप्पट आहे. मी म्हटलं, "अवं, अमेरिकेत कोणी वजनकाटा घेऊन येते का? पान गेलं, म्हणजे गेलं. अन् परीक्षेत शेवटच इचारतात. आणतो मी ते पान."

तिचा चेहरा उतरला. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं: शेवटचं पान बाकी.

अमरावतीच्या झेरॉक्सवाल्याला मी असं झापलं, की त्याचं मशीन आपोआप बंद पडलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, जेवढे पानं आले तेवढे मारले. मी काय गोष्टी वाचत बसतो का?" मग पुढच्या बुधवारी लग्नाच्या फुलांची ऑर्डर पोचवायला अकोल्याला जायचं होतं, तशीच मी केंद्रावर गेले. दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, बाबू रविवारशिवाय येत नाही, आणि रविवारीही कपाट उघडत नाही. मी केंद्रासमोर एक कचोरी खाल्ली आणि परतीच्या गाडीत बसले.

गाडीत सेविकेचा फोन आला. "भेटलं का?"

मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तिचा आवाज असा आला, जसा दवाखान्याच्या बाहेरून कोणी आत विचारतो. माझ्या तोंडातून निघून गेलं, "भेटलं. बाबूनं कपाट उघडून देल्लं. एकोणपन्नासावं पान. लय सुंदर हाय, बाई."

बडनेरा येईपर्यंत ते पान मला तयार करावं लागलं.

पुढच्या रविवारी गाडीत मी ते सांगितलं. दार उघडतं. थोरली आत येते, ओली, कारण बाहेर बर्फ. हातात आईची अंगठी. ती अंगठी धुतलेल्या प्लेटीत टाकते, खण्ण असा आवाज होतो. म्हणते, मी गेली नव्हती, मला आईनेच घालवलं होतं, धाकटीचं लग्न मोडू नये म्हणून. मग धाकटी दुसरी प्लेट मांडते. दोघी जेवायला बसतात, तिसरी रिकामी प्लेट आईसाठी. मेंबरबाई पदराला नाक पुसत म्हणाली, "आता झालं सुफळ." समोरच्या बाकावरची एक अनोळखी बाई इतकी रडली, की तिच्या मांडीवरचं टिफिनातलं वरण खारट झालं असावं.

सेविकेने विचारलं, "हे सारं एका पानावर होतं?"

"बारीक अक्षर होतं," मी म्हटलं.

मग मोबाइलला मराठी बोलून दाखवलं, मोबाइलने त्याचं इंग्रजी करून दिलं. सेविकेने ते देवनागरीत रजिस्टरवर उतरवून घेतलं आणि पाठ करायला लागली. लेकरांना काट्यावर उभं करताना पाठ, डाळ निवडताना पाठ. मला अंगणवाडीतली मदतनीस सांगायची, पोट्टी आता सिस्टर, सिस्टर म्हणत खिचडी मागतात. पहिली आठ पानं तिला अडखळत यायची, पण ते एकोणपन्नासावं पान आलं की ती सरळ बसायची आणि एका दमात म्हणायची.

मी दर रविवारी ठरवायची, आज सांगू. बडनेऱ्याला ठरवायची, बोरगावला विसरायची. शिवाय माझ्या मनात असंही होतं, की खरं पान कुठेतरी आहेच. बहिणी भेटल्याच असतील. माझं पान त्याच्या आसपासच असणार. फुलांच्या धंद्यात आम्ही गुलाब संपला की त्याच रंगाचा डेलिया लावतो; नवरदेवाला काय कळतं.

परीक्षेच्या रविवारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. आम्ही केंद्रावर धावत पोचलो. व्हरांड्यात पंधरावीस जण बाकांवर, सगळ्यांचे ओठ हलताहेत, आवाज कुणाचा नाही. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या होत्या, खोलीत एकट्या बसलेल्या. दाराशी बाबू. आज तो होता. टेबलावर हजेरीचा कागद, पाण्याची बाटली आणि ते पुस्तक. कपाटातून बाहेर आलेलं, खाकी कव्हर घातलेलं.

आमच्या तिघींत पहिली मेंबरबाई आत गेली. सात मिनिटांनी हसत बाहेर आली.

"सांगतला पुरा शेवट. म्याडम आयकतच राहिल्या. म्हणे, हे कोण्या पानावर हाय? म्या सांगतलं, एकोणपन्नास."

मॅडमनी पान का विचारावं? मी बाबूच्या टेबलाजवळ सरकले. तो रोल नंबर शोधत होता. मी पुस्तक उघडलं. अठ्ठेचाळीस. तळाशी तीच ओळ, तीच प्लेट. पान उलटलं.

एकोणपन्नासाव्या पानावर प्रश्न होते. वर जाड अक्षरात, धडा संपला आता विचार करा, अशा अर्थाचं काहीतरी. पहिला प्रश्न: लेखकाने दार उघडताना का दाखवलं नाही, असं तुम्हाला वाटतं?

जन्मात पहिल्यांदा इंग्रजीचं एक पूर्ण वाक्य मला मोबाइलशिवाय, एका नजरेत समजलं. मला ते समजलं नसतं तर किती बरं झालं असतं.

"पुस्तकाले हात नाई लावायचा," बाबू म्हणाला आणि दुसऱ्या दमात त्याने सेविकेचा नंबर पुकारला.

ती बाकावरून उठली. निर्या सारख्या केल्या, पिशवी खांद्याला लावली. ओठ चालू होते, आणि कुठलं पान चालू होतं ते मला तिच्या ताठ मानेवरून कळलं. दारापर्यंत फार तर दहा पावलं. मी आडवी गेले.

"ते शेवटचं नको सांगू."

"काहून?"

"नको सांगू म्हटलं ना."

"बाई, मले तेच तर येते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुनं कपाट उघडून पाह्यलं होतं ना?"

माझ्याकडे या प्रश्नाची निदान चाळीस उत्तरं तयार होती. धंद्याच्या पस्तीस वर्षांत मी उत्तराला कमी पडलेली नाही. बाबू पेन आपटत होता. मी म्हटलं, "नाई."

ती पुढे झाली. मला बाजूला सारून आत गेली आणि दार लागलं.

दारावर एक झरोका होता, त्याची काच फुटलेली. मी त्याखाली भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत पंखा करकरत होता. मॅडमचा आवाज, सेविकेचा आवाज. नाव सांगितलं. गाव सांगितलं. पहिली पानं अडखळत गेली, कोंबडी भाजून झाली, गाडी अंगणात आली. मग मॅडमनी शेवट विचारला.

आत शांत झालं. पंख्याने किती वेळा करकर केलं ते मी मोजलं नाही. मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मला एवढंच कळत होतं, की तीन आठवडे ती बाई ज्याच्यावर टेकून उभं राहायला शिकली, ते मी ऐन दारात काढून घेतलं. तिच्याजवळ आता काहीच नव्हतं. मागच्या वेळी निदान नाव तरी विसरली होती, ते तिचं होतं. हे माझं होतं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, आता जरा हळू.

सेविका बोलली. तिचं इंग्रजी तुटक होतं, मी ते मराठीत जोडून सांगते, पण यात माझा शब्द नाही. ती म्हणाली, "दार उघडत नाही. गोष्ट इथे संपते."

"का?"

"तिला भीती आहे. भांडं स्वच्छ आहे. ती धुते."

"आणि थोरली बहीण? ती का येत नाही?"

पुन्हा पंखा.

"ती गाडीत आहे," सेविका म्हणाली. "तीपण प्लेट धुते आहे."

गाडीत कुठे नळ, कुठे प्लेट. पण मी त्या भिंतीला टेकून डोळे मिटले आणि मला ती थोरली दिसली, इंजिन बंद करून, हात स्टिअरिंगवर, उतरत नाही. आठ पानं मी वाचली होती, सांगितली होती, रडवलं होतं लोकांना. मला ती एकदाही दिसली नव्हती.

मॅडमनी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, सुटली. मी मेंबरबाईला खूण करणार, तेवढ्यात बाबूने माझा नंबर पुकारला. आणि सेविका बाहेर आलीच नाही.

मी आत गेले. ती भिंतीशी उभी होती. मॅडमच्या समोर आहार-रजिस्टर उघडं पडलेलं. पिशवी टेबलावर ठेवताना घसरलं असेल, आणि उघडलं ते नेमकं एकोणपन्नासाव्या पानावर. अंगठी, बर्फ, खण्ण, सगळं देवनागरीत.

मॅडम मराठीत बोलल्या, छापील मराठीत. "मघाच्या बाईंनी जे तोंडी सांगितलं, ते यांच्या वहीत शब्दाला शब्द लिहिलेलं आहे. पुस्तकात ते नाही. तुम्ही तिघी अमरावतीहून सोबत येता, असं हे बाबू म्हणतात. म्हणजे बाहेर कुठलं तरी गाईड चालतंय आणि तुम्ही ते पाठ करून आला आहात. तिघींचे गुण रोखून मला वर कळवावं लागेल."

"किती दिवस रोखान म्याडम?" सेविकेने विचारलं. मराठीत, आणि आवाज न चढवता.

"चौकशी होईपर्यंत. दिवाळीपर्यंत धरा."

तिचा उन्हाळा तिथे त्या टेबलावर संपत होता. माझ्या जिभेवर झेरॉक्सवाला आला. खोटं नाही सांगत, तयार होऊन आला, नावगावासकट. झेरॉक्सवाल्याने दिलं म्हटलं असतं तर मी सुटले असते. पण मग गाईड होतं असं ठरलं असतं, आणि ही अडकली असती. तिला सोडवायला एकच गोष्ट उपयोगाची होती आणि ती मला वापरायची सवय नव्हती.

"गाईड नाई म्याडम. ते पान म्या बनवलं."

"तुम्ही?" त्यांनी माझ्या अंबाड्यातल्या गजऱ्याकडे पाहिलं.

"गाडीत. बडनेऱ्यापर्यंत. इंग्रजी फोननं केलं. यांले दोघींले मी सांगतलं, पुस्तकात हाय म्हणून. यांनी खरं धरलं."

"कशाला?"

"आम्हाले वाटलं पान गहाळ झालं. गोष्ट संपलीच नव्हती ना. अन् मी म्हणून बसली होती की आणतो."

मॅडमनी रजिस्टर पुन्हा वाचलं. अंगठीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे तुम्ही बनवलंत, यावर माझा विश्वास नाही. हे कुठूनतरी उतरवलेलं आहे."

मी आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या तेवढ्या लोकांनी मुकाट गिळल्या. एक खरं बोलले तर ते घशाखाली उतरेना. मी भिंतीकडे पाहिलं. सेविका माझ्याकडे बघत नव्हती, रजिस्टरकडे बघत होती.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "बनवता येतं ना? मग दुसरा शेवट बनवा. आत्ता. इंग्रजीत. फोन बाहेर ठेवलाय ना?"

माझं इंग्रजी म्हणजे सुतळीवर ओवलेला झेंडू. पण त्या दिवशी मी ओवला. दार उघडलं, आत थोरली नाही, थोरलीची मुलगी आली, आई वाटेतच परत फिरली म्हणून सांगायला. मॅडम हलल्या नाहीत. मी दुसरा सांगितला: गाडी बहिणीची नव्हतीच, पत्ता चुकलेला माणूस होता, धाकटीने त्यालाच जेवू घातलं. क्रियापदं कुठल्या कुठे पडत होती, मी मागे वळून बघत नव्हते. तिसऱ्यात गाडी निघून गेली आणि प्लेट फुटली आणि धाकटी पहिल्यांदा हसली. चौथा सुरू केला तेव्हा मॅडमनी हात वर केला.

"पुरे."

त्यांनी रजिस्टर मिटलं, सेविकेकडे दिलं. "तुमचे गुण मी दिले आहेत, ते तसेच राहतील. मघाच्या बाईंचे पण, जे काय आहेत ते. जा तुम्ही." ती दारापाशी जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग मला म्हणाल्या, "आता तुमची परीक्षा. धड्याचा शेवट काय आहे? पुस्तकातला. आणि तुमच्या मते तो तसा का आहे?"

सेविका अजून दारातच होती. उत्तर मला येत होतं. झरोक्याखाली उभं राहून मी ते शब्दाला शब्द ऐकलं होतं, ती गाडीत बसलेली थोरली अजून माझ्या डोळ्यांपुढे होती. इंग्रजी शब्दही सोपे. मी तोंड उघडलं. पण ते उत्तर वजनकाटा घेऊन दारोदार उभं राहून आलेलं होतं, आणि मी त्याच्यावर एकदा मोठ्याने बोलले होते.

"प्लेट," मी म्हटलं. "ती प्लेट धुते."

"का?"

"माहीत नाई म्याडम."

त्यांनी कागदावर आकडा लिहिला. तो मला उलटाही वाचता आला.

परतीच्या गाडीत मेंबरबाई खिडकीशी झोपून गेली. सेविका माझ्या समोर बसली होती, रजिस्टर मांडीवर. मूर्तिजापूर गेलं. मी एक शब्द बोलले नाही. आमच्या डब्याला त्याची इतकी सवय नव्हती, की दोन जणांनी येऊन विचारलं, आज बाईची तब्येत बरी नाही का.

कुरूमच्या पुढे तिने विचारलं, "कुलूप होतं ना त्या दिवशी?"

"होतं."

"मंग तुनं दिवसभर काय केलं अकोल्यात?"

"कचोऱ्या खाल्ल्या. तीन."

ती बघत राहिली.

"एक," मी म्हटलं.

तिने रजिस्टर उघडलं, एकोणपन्नासावं पान काढलं आणि फाडेल असं मला वाटलं. तिने ते फाडलं नाही. त्यावर एक उभी रेघ मारली, जशी ती पटावरून गळालेल्या लेकराच्या नावापुढे मारते, आणि पान उलटून पुढच्या कोऱ्या पानावर उद्याच्या खिचडीची डाळ लिहायला लागली.

निकाल लागला. ती सुटली, अर्ज वेळेत गेला, आणि आज ती तीस अंगणवाड्या बघते. मेंबरबाई काठावर पास झाली, पाटीला रंग लागला. मी पडले. आता पुन्हा तीच गोष्ट, तीच आठ पानं, आणि रविवारी बडनेऱ्याहून मी एकटी.

आज सकाळी फलाटावर उभी होते तेव्हा तिचा फोन आला. साहेबीण झाली तरी आवाज तसाच हळू.

"शेवटी काय होते, सांग."

"गाडी थांबते. दार उघडत नाई. ते प्लेट धुते."

"कोण्या पानावर?"

"अठ्ठेचाळीस."

"मंग जा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.